अ.पा.क. आई

पणजीबद्दल आमच्या घरात एकच गोष्ट टिकून होती: बाई महाचिकट. घरात दुभती जनावरं असूनही तूप जुन्नरच्या बाजारात जायचं आणि पोरांच्या वाट्याला भाकरी-ठेचा. आत्या हे अजूनही रागानेच सांगते. फोटो एकही नाही. नाव विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायचे, कारण सगळ्यांसाठी ती नुसती 'मोठीआई' होती.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मी अर्ज केला तो पणजोबांच्या नावाने. जमीन पुरुषाच्या नावावर, म्हणून कागदही त्याच्याच नावाने सापडतो. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, मोडीत होत्या. माझ्याबरोबर आलेले मोडीवाचक पानांवरून बोट फिरवत 1918 च्या ऑक्टोबरपर्यंत आले आणि थबकले. एरवी पानभरात मावणारा महिना तिथे संपतच नव्हता. कारणाच्या रकान्यात ओळीने एकच शब्द: ताप. जिला गावोगावी मानमोडी म्हणत, तीच ही इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. त्या ओळींमध्ये पणजोबा सापडले.

पणजी सापडली ती फेरफार नोंदवहीत. खातेदार मयत, वारस मुलगा, वय वर्षे 6, अ.पा.क. आई, आणि पुढे तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जमीन सहा वर्षांच्या माझ्या आजोबांची आणि ती सांभाळणारी म्हणून तिची नोंद. तिचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते असं, मुलाच्या नावाला जोडून.

मग मी त्याच जमिनीचे पुढचे फेरफार काढले. लागोपाठ दोन नोंदी सावकाराकडच्या गहाणाच्या निघाल्या. बी-बियाणं आणि पोट यांची सोय बहुधा त्यातूनच झाली असावी. त्यानंतर विहिरीसाठी सरकारी तगाई घेतल्याची नोंद, आणि इतर हक्कात त्या कर्जाचा बोजा. पुढे काही वर्षांनी गहाण सुटलं, मग तगाईचा बोजाही कमी झाला. पीकपाहणीत जिथे नुसती बाजरी होती, तिथे विहीर बागायत आली, ऊस आला. तूप कुठे जात होतं, त्याचा हिशेब त्या रकान्यांत होता. आत्याला नकला दाखवल्या. चष्मा लावून तिने सगळ्या वाचल्या आणि म्हणाली, "कर्ज फिटल्यावर तरी वाढायचं होतं की!" तिचंही खरं आहे. कागदावरून निर्णय कळतात, स्वभाव कळत नाही.

1930 साली आजोबा सज्ञान झाले. 'अ.पा.क. शेरा कमी केला' असा एका ओळीचा फेरफार पडला आणि सरकारदरबारी पणजी संपली. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, पण त्या आयुष्याचा मागमूस महसुली कागदात नाही.

तो नाशिकला लागला. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांना गाव, जात आणि आडनाव सांगितलं, की ते त्या कुळाची वही काढतात. आजोबा आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. त्यांची सही होती, खाली भावकीची नावं, आणि आजोळ म्हणून अकोले तालुक्यातलं एक गाव. आमच्या घरात तिच्या माहेरचा उल्लेख मी कधी ऐकला नव्हता. बायांचा माग काढणाऱ्याने खातेदाराच्या रकान्यावर थांबू नये, एवढं मी यातून शिकलो. इतर हक्क, वारसाचे शेरे, उपाध्यांची वही, अशा कडेच्या जागांतच त्या भेटतात.

आता अकोल्याला अर्ज द्यायचा आहे. जुन्या जन्मनोंदींत बारसं व्हायच्या आधीच नोंद पडल्याने पुष्कळदा नुसतं 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे आधी तिच्या वडिलांचं नाव शोधावं लागेल, आणि मग त्या नावाखाली ती.