आधी कथा, मग प्रश्नोत्तरं

आगमनकाळाचा पहिला आठवडा

चि. भाचीस,

हडपसरच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग तू हाती घेतलास हे वाचून आनंद झाला. मुलांना काय आणि कसं शिकवू, असं तू विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझ्या हाती पुस्तक आहे, त्यात प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं आहेत. ती पाठ करून घ्यायची, प्रथम कम्युनियन पार पाडायचं, काही वर्षांनी दृढीकरण, आणि तिथे वर्ग संपला. ही वाट सोपी आहे आणि बहुतेक जण तीच धरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी कथा सांग, ती घरच्या भाषेत सांग, आणि मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांनाही बसव. प्रश्नोत्तरं हवीतच, पण कथेनंतर.

हे काही नवं खूळ नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला गेली आणि तिथे बाप्तिस्म्याची तयारी कशी चालते ते तिने लिहून ठेवलं. उपवासकाळात रोज तीन तास बिशप शिकवत. सुरुवात उत्पत्तीच्या पुस्तकापासून, मग सगळं पवित्र शास्त्र. पाच आठवडे असे गेले की मग विश्वासांगीकार हाती द्यायचा, तो समजावायचा आणि शेवटी प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायचा. म्हणजे पाठांतर होतंच, पण ते कथेच्या पायावर उभं होतं. इ.स. 400च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने संत ऑगस्टीनला तुझ्यासारखंच विचारलं होतं: शिकवताना माझं मलाच कंटाळवाणं वाटतं, काय करू? ऑगस्टीनने उत्तरादाखल एक छोटा ग्रंथच लिहिला. सृष्टीच्या आरंभापासून आजच्या ख्रिस्तसभेपर्यंतची कथा सांग, त्यातले मोजके प्रसंग निवडून त्यांवर थांब, आणि सगळं देवाच्या प्रेमाकडे ने, असा त्याचा सल्ला. ऐकणारा थकला तर त्याला बसायला दे, इतक्या बारकाईने त्याने लिहिलं आहे.

आपल्या भाषेतला पुरावा तर याहून बोलका आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघी 1579 साली गोव्यात आले आणि साष्टीत राहिले. त्यांनी प्रश्नोत्तरांची ‘दौत्रिन’ कोकणीत लिहिली आणि ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत. पुराण 1616 साली राचोलला छापलं गेलं, दौत्रिन त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली. पुराणाच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी आहे: जुनी पुराणं सोडा म्हणता, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हाला द्या. नुसत्या प्रश्नोत्तरांनी माणसाची भूक भागत नाही, हे त्या श्रोत्याने ओळखलं आणि स्टीफन्सनी मान्य केलं. पुढे काय झालं ते बघ. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. पुराणाच्या 1616, 1649 आणि 1654च्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. तरीही पुराण जगलं, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं आणि वाचत राहिले. 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्दान्यांनी ते अशाच हस्तलिखितांवरून पुन्हा छापलं, आणि 1956 साली शांताराम बंडेलूंनी ते आपल्या पुण्यातून देवनागरीत आणलं. दौत्रिनीची प्रत लिस्बनच्या ग्रंथालयात राहिली, पुराण मात्र लोकांच्या घरात राहिलं. लोक काय जपतात, ते यावरून कळतं.

आता घरची भाषा का, ते एका उदाहरणाने सांगतो. उधळ्या पुत्राची गोष्ट घे. इंग्रजीत मुलं वाचतात की धाकट्याने आपला ‘शेअर’ मागितला. त्या शब्दाने कुणाला काही टोचत नाही. तेच मराठीत म्हण: बाप जिवंत असताना मुलाने वाटणी मागितली. हडपसरमध्ये हा शब्द पोरासोरांनाही कळतो. इथली मगरपट्टा सिटी जिथे उभी आहे तिथे शेतकऱ्यांची सुमारे 400 एकर शेती होती. सातबारा, हिस्सा, भावकी, सह्या हे इथल्या घराघरांतलं बोलणं आहे. बाप हयात असताना वाटणी मागणं म्हणजे त्याला मेल्यात जमा करणं, हे समजावून सांगावं लागत नाही. मग तोच बाप, घरातला वडीलधारा माणूस, लाजलज्जा सोडून रस्त्यावरून धावत सुटतो आणि पोराला मिठी मारतो, तेव्हा क्षमा म्हणजे काय हे मुलाला कळतं. त्यानंतर पापनिवेदन संस्कारावरचा प्रश्न विचार. उत्तर पाठ करायला मग कष्ट पडणार नाहीत, कारण त्याचा अर्थ आधीच मनात रुजलेला असेल.

तुला आक्षेप ऐकावे लागतील. पहिला असा की मुलं इंग्रजी शाळेत जातात, आणि वर्गात नगरकडची, वसईची, गोव्याची, तमिळ, मल्याळी अशी सगळीच असतात. खरं आहे. म्हणून मी मराठीचा हट्ट धरत नाही, घरच्या भाषेचा धरतो. एजेरियाने पाहिलेल्या जेरुसलेमला बिशप ग्रीकमध्ये बोलत, शेजारी उभा असलेला धर्मगुरू ते सिरियाकमध्ये सांगे आणि लॅटिन बोलणाऱ्यांसाठीही कुणीतरी असे. एकाही माणसाला भाषेपायी बाहेर ठेवलं जात नव्हतं. तूही मुलांना सांग की गोष्ट घरी जाऊन आजीच्या भाषेत सांगा आणि पुढच्या रविवारी आजी काय म्हणाली ते ऐकवा. दरवर्षी सप्टेंबरमध्ये श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी आपल्या मातेला मराठीतच हाक मारते. तो झरा वर्गात येऊ दे.

दुसरा आक्षेप: कथांच्या नादात शिकवण पातळ होईल. ही भीती अगदीच खोटी नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 साली धर्मशिक्षणावर लिहिताना पाठांतराची बाजू ठामपणे घेतली होती, आणि ते बरोबरच होतं. पण 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेच प्रस्तावनेत म्हटलं आहे की श्रोत्यांचं वय, संस्कृती आणि आध्यात्मिक वाढ पाहून मांडणी बदलणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. तिसरा आक्षेप शब्दांचा: मराठी धार्मिक शब्दांना दुसऱ्या धर्माचा वास येतो. स्टीफन्सनी स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि त्याआधी संत योहानाने ग्रीक तत्त्वज्ञांचा ‘लोगोस’ हा शब्द ख्रिस्तासाठी घेतला होता. शब्द कथेत ठेवला की कथाच त्याला नवा अर्थ देते. तो सुटा ठेवला तरच घोटाळा होतो.

सगळ्यात अवघड आक्षेप आईवडिलांचा: रात्रपाळी, कंपनीची बस, रविवारी एकच सुट्टी, ते येणार कसे? त्यांच्यावर रागावू नकोस. पण मुलांनाच शिकवून मोकळं होण्याची चूकही करू नकोस. पोप जॉन पॉल यांच्या त्याच 1979च्या लेखनात प्रौढांचं धर्मशिक्षण हेच मुख्य धर्मशिक्षण म्हटलं आहे. मूल आठवड्याला तासभर तुझ्याजवळ असतं, उरलेला आठवडा त्यांच्याजवळ. एम्माउसच्या वाटेवर प्रभूने जे केलं ते दोन थकलेल्या, निराश प्रौढांसाठी केलं: आधी त्यांचं ऐकलं, मग मोशेपासूनची कथा सांगितली, मग भाकर मोडली. तू महिन्यातून एक रविवार मिस्सानंतरचा अर्धा तास माग. तेवढ्यात एकच कथा सांग आणि एकच प्रश्न विचार, आणि चहा होईपर्यंत त्यांना बोलू दे. फादरांशी बोलून हे ठरवून टाक.

आगमनकाळ लागला आहे, सुरुवातीला याहून चांगली वेळ नाही. येत्या रविवारी पुस्तक मिटूनच ठेव, मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना गोल बसव, आणि नाझरेथच्या त्या मुलीला देवदूताचा निरोप कसा आला तिथून सांगायला लाग.

तुझा,
मामा