मागची बत्ती

ब्रेकची बत्ती जळते मालकाच्या पैशानं आणि उपयोगी पडते मागच्या माणसाला. म्हणूनच ती बंद पडली तर दुकानात यायची घाई कुणाला नसते. हॉर्न गेला की गडी त्याच पावली येतो, हेडलाईट गेला तर दिवस मावळायच्या आत. ब्रेक लाईटचं गाऱ्हाणं मात्र बहुतेकदा दुसऱ्यानं सांगितलेलं असतं. मांजरसुंब्याच्या घाटात मागच्यानं करकचून ब्रेक दाबला, मग पुढं येऊन काच खाली करून दोन शब्द सुनावले, की गाडी बीडच्या बायपासजवळच्या आमच्या शेडखाली येते.

येताना गिऱ्हाईक निदानही सोबतच आणतं. ‘उस्ताद, बल्ब उडालाय, तेवढा बदला.’ उडालेला असतोही कधी कधी. पण मी आधी विचारतो, एक गेलीय का सगळ्या? डावी, उजवी आणि काचेतली वरची, अशा तिन्ही एकाच दिवशी गेल्या तर तीन बल्बांनी ठरवून जीव दिलेला नसतो. तिथं मागं हात लावायचाच नाही. आधी फ्यूज, मग पेडलवरचा स्विच. एकच बाजू गेली असेल तर बल्ब, होल्डर नाहीतर अर्थिंग. आणि नुसती वरची गेली तर डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी सोलून बघावी. डिकी उघडून-लावून आतली तार तुटलेली असते, वरचं प्लॅस्टिक शाबूत.

स्विचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेडल वर असताना बटण दाबलेलं राहतं, बत्ती बंद. पाय ठेवला की बटण सुटतं, बत्ती लागते. पेडलच्या पट्टीवर प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते, ती जुनी होऊन फुटली की बत्ती रात्रभर जळते आणि सकाळी मालक बॅटरीला शिव्या घालत येतो. जुन्या जीपगाड्यांत हा स्विच ब्रेक ऑइलच्या लाईनवर असायचा, ऑइलच्या दाबावर चालणारा. तपासताना दुकानातलं पोरगं आत बसून पेडल दाबतं आणि मी मागून ओरडतो. पोरगं नसेल तर सीट आणि पेडलमध्ये काठी अडकवायची.

खरी मजा अर्थिंगची. करंट बल्बपर्यंत पोचतो का हे सगळेच बघतात, तो परत कसा जातो हे कुणी बघत नाही. मागच्या दिव्यातून बॅटरीपर्यंत परतीची वेगळी तार नसते. एक काळी तार जवळच्याच पत्र्याला स्क्रूनं आवळलेली असते आणि पुढचं काम गाडीचा पत्राच करतो. त्या स्क्रूखाली गंज चढला, किंवा डेंटिंगवाल्यानं ताज्या रंगावरच तो आवळला, की वाट बुजली. करंट मात्र दुसरी वाट शोधतो. मागच्या बल्बात बहुधा दोन तारा असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची पार्किंगची. अर्थिंग गेलं की ब्रेकचा करंट पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि दुसऱ्याच दिव्यांतून बाहेर पडतो. ब्रेक दाबला की भलतेच दिवे मिणमिणतात, इंडिकेटर लावला की मागचा सगळा गुच्छ त्याच्या तालावर लुकलुकतो. गिऱ्हाईकाला वाटतं भानामती झाली. मला वाटतं, चला, वायरिंग खोलायची गरज नाही.

खात्री करायची तर ब्रेक दाबून धरायचा, मीटरची एक पिन होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. आकडा शून्याच्या जवळ हवा. तिथं तीन व्होल्ट दिसले तर ते बल्बच्या वाट्यातून गेले. १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळाले तर उजेड पाऊणपट राहत असेल, असं वाटतं. राहतो साधारण चाळीस टक्के. बीडच्या उन्हात तेवढा दिवा लागला काय आणि न लागला काय. बल्ब काढून मोजलं तर हाच मीटर खुशाल १२ दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट नगण्य लागतो; तारेचा एक धागा शिल्लक असला तरी भागतं. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. म्हणून जुन्या बल्बाला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प मी अजून टाकलेला नाही. नव्या गाड्यांत कंप्युटरकडे जाणाऱ्या तारांना मात्र तो लावत नाही.

दुरुस्ती म्हणजे स्क्रू काढायचा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईस्तोवर घासायचा, नवं थिंबल, वरून थोडं ग्रीस. पैशाचं भांडण इथंच होतं. ‘नुसतं घासलं, त्याचे दोनशे?’ बल्ब बदलला असता तर मुकाट दिले असते.

एलईडीचं कौतुक मला आहे. बल्बची तार तापायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, एलईडीला तो लागत नाही; तेवढ्यात ताशी ८० किलोमीटरनं येणारी मागची गाडी साडेचार मीटर पुढं सरकते. अमेरिकेनं काचेतली तिसरी बत्ती १९८६च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना सक्तीची केली, तीही मागच्याला लवकर दिसावं म्हणूनच. पण बाजारातला स्वस्त एलईडी जुन्या होल्डरमध्ये बसवायला मी नाखूश असतो. पार्किंग आणि ब्रेकमधला फरकच कळेनासा होतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघायला लागतात, तेव्हा दुकानापुढं ट्रॅक्टरांची रांग लागते. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि बत्ती असलीच तर नावाला. ट्रॉलीचं वायरिंग करताना अर्थिंग सर्रास हुकच्या पिनवर सोडतात. लोखंडाला लोखंड लागलंय, वेगळी तार कशाला? ओढताना पिन ताणलेली असते, जोड पक्का. ब्रेक लागला की ट्रॉली पुढं रेटते, ग्रीस आणि चिखलानं माखलेली पिन भोकात हलते आणि नेमकी तेव्हाच बत्ती फडफडते. उभ्या ट्रॅक्टरवर तपासली तर झकास. म्हणून मी प्लगमधून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत काळी तार वेगळी ओढतो. उचल, डिझेल, टायर यांच्या हिशेबात मुकादमाला ती तार जड जाते. ‘उस्ताद, ट्रॉलीच्या मागं कोण बघतंय?’ म्हणतो, पण चार शब्द बोलून पैसे देतो.

दिवा मी खाली, बाहेरच्या कोपऱ्यात लावतो आणि ड्रायव्हरला बजावतो, वाढ्याच्या पेंड्या वरच्या अंगाला बांधा, हा कोपरा मोकळा सोडा. तो हो म्हणतो. ट्रॉली तेव्हा रिकामी असते, हो म्हणायला त्याचं काय जातं?