चोरी केली, मग कसला हक्क?

"दारू पितो, त्यात चोरी केली. असल्या माणसाची बाजू तुम्ही कशाला घेता?" हा प्रश्न आम्हाला मालकाने नाही, आपल्याच वस्तीतल्या विहारात विचारला गेला. दुसरे आणि पाचवे शील मोडले, हे खरेच. पण शील मोडले म्हणून कायद्याचा हक्क जात नाही. हे दोन हिशेब वेगळे आहेत, मित्रांनो, आणि आपलेच कार्यकर्ते ते सारखे एकत्र करतात.

प्रकरण असे. कारखान्यात अकरा वर्षे सफाईचे काम करणारा आपला एक भाऊ. चेंबरमधल्या वासावर उतारा म्हणून क्वार्टर सुरू झाली, पुढे ती सकाळी उठल्याबरोबर लागू लागली. पैसे संपले तेव्हा तांब्याच्या वायरची पिशवी घेऊन गेटवर सापडला. त्याच संध्याकाळी माफीनामा आणि राजीनामा, दोन्हींवर सह्या घेतल्या. आरोपपत्र नाही, चौकशी नाही.

मालकाची सगळी चलाखी त्या राजीनाम्यात आहे. बडतर्फ केले तर चौकशी करावी लागते, "स्वतःहून गेला" म्हटले की काहीच नको. म्हणून पहिले काम, सही दबावाखाली घेतली हे लगेच लेखी कळवणे. पोस्टाची पावती जपून ठेवायची.

1946 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना स्थायी आदेशांचा कायदा झाला. आदर्श स्थायी आदेशांत चोरी हे गैरवर्तन आहेच, पण लेखी आरोप आणि खुलाशाची संधीही आहे. चौकशीसाठी निलंबित केले तर पहिले 90 दिवस निम्मे वेतन, पुढे उशीर कामगारामुळे नसेल तर 75 टक्के. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा भत्ता आहे, पण स्थायी आदेशांची सक्ती आता 300 किंवा अधिक कामगार असतील तिथेच. लहान कारखान्यातल्या आपल्या माणसांचे काय, हे कोणी विचारत नाही.

व्यसन हा आजार म्हणून चोरी माफ होते का? नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, म्हणून उपचार हा त्याचा हक्क आहे. चोरीच्या आरोपाला मात्र ते उत्तर नव्हे. त्याचा उपयोग शिक्षा ठरताना होतो: जुनी सेवा, माल परत मिळालेला, उपचार सुरू. बडतर्फी जास्त वाटली तर न्यायाधिकरण हलकी शिक्षा देऊ शकते. तरी चोरीच्या प्रकरणात न्यायालये सहसा विरघळत नाहीत. घरच्यांना खोटी आशा लावू नका.

जातीवरून शिवी दिली असेल तर अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार वेगळी करा. नसेल तर ओढूनताणून लावू नका, खरी प्रकरणे त्याने कमजोर होतात. भविष्य निर्वाह निधी त्याचाच आहे, चोरीच्या नावाखाली तो अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी कापायची तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

समेट अधिकारी 2 वर्षांनंतर वाद हाती घेऊ शकत नाही. आपल्या भावाचा अर्ज चौथ्या महिन्यात गेला. सोबत सरकारी रुग्णालयाचा व्यसनमुक्तीचा केसपेपर जोडला आहे. पुढची तारीख लागली की वहिनींबरोबर आमच्यातले दोघे जाणार आहेत.