पिंपाची आखूड फळी



एरवी या पानावर मी हळद, ऊस, पाणी, खत यांच्याच नोंदी टाकतो. आजची नोंद कॉम्प्युटरची आहे, तीही गेम खेळायच्या कॉम्प्युटरची. पण शेवटपर्यंत वाचा, यातलं निम्मं गणित आपल्या रानातलंच आहे.

थोरल्यानं कॉलेज झाल्यावर शेतीच करायचं ठरवलं. त्याचे दोस्त सगळे पुण्याला नोकरीला. रात्री नऊनंतर ही पोरं नेटवर जमतात, कानाला हेडफोन लावून गेम खेळतात आणि गप्पा हाणतात. आमच्या वेळी पार होता, यांचा हा पार. त्यातला एक गेम तर शेतीचाच आहे, फार्मिंग सिम्युलेटर. दिवसभर रानात राबून रात्री हा गडी परत ट्रॅक्टरच चालवतो! पण मशीन जुनं झालेलं. नवा गेम अडखळायचा, हा मागं पडायचा, हळूहळू बसायचंच कमी केलं. गावात राहिलेल्या पोराचा पार मोडू नये म्हणून हळदीच्या पट्टीतले ४० हजार बाजूला काढले. त्यापुढं एक रुपया नाही, कारण विहिरीवरची मोटर कधी जळंल ते सांगता येत नाही.

अट एकच घातली. "आधी कुठं अडतंय ते दाखव, मग पैसे."

शेतीत लीबिगचा नियम सांगतात. हा १९व्या शतकातला जर्मन रसायनशास्त्रज्ञ. जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, त्याच्यावर पीक ठरतं. कृषी मेळाव्यात त्याचं पिंपाचं चित्र लावलेलं असतं. पिंपाच्या फळ्या लहान-मोठ्या, पाणी मात्र सगळ्यात आखूड फळीपर्यंतच राहतं. जस्त कमी असताना युरियाची पोती ओतली तर पैसे जातात, पीक वाढत नाही. कॉम्प्युटरचंही हेच आहे.

आमचं मशीन असं: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला बिननावाचा एसएमपीएस. तालुक्याच्या एका दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "सगळंच बदला." पोराला फक्त भारीतलं भारी कार्ड पाहिजे होतं. दोघांचंही मोजमाप काही नव्हतं.

मग त्यानं मोजलं. आफ्टरबर्नर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. गेम चालू असताना कोणता भाग किती टक्के राबतोय ते कोपऱ्यात दिसतं. फोर्झा होरायझन ५ लावला. कार्ड ९९ टक्के, प्रोसेसर निम्म्यावर, रॅम काठोकाठ. नंतर गेमचं रिझोल्यूशन खाली आणून बघितलं. चित्र बारीक केल्यावर वेग वाढला तर अडचण कार्डाची. तेवढाच राहिला तर बहुतेक प्रोसेसरची. आमच्याकडं वेग लगेच वाढला. म्हणजे आखूड फळ्या दोन, कार्ड आणि रॅम. प्रोसेसरला हात लावायचं कारण नाही.

रॅमचं काम सोपं. आहे तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी घेतली. १६ जीबी झालीच, शिवाय दोन पट्ट्या जोडीनं चालतात तेव्हा माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. दोन पट्ट्या वेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीनं चालतात. बैलजोडीसारखंच. आणि चार खाचांच्या बोर्डावर पट्ट्या शेजारी-शेजारी घालायच्या नाहीत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच धरायची, बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

कार्डावर आमची जास्त चर्चा झाली. सगळ्यात स्वस्त आरएक्स ६५०० एक्सटी होतं. पण त्याला मेमरी ४ जीबी आणि बोर्डाशी जोडणाऱ्या वाटा फक्त चार. नव्या पीसीआयई ४ बोर्डावर ते खपून जातं, आमचा बोर्ड पीसीआयई ३, तिथं ते कार्ड गुदमरतं. दोन इंची लाइनला एक इंची व्हॉल्व्ह बसवल्यासारखं. आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी, पण वीज १७० वॅट आणि भाव जास्त. आरएक्स ६६०० ला ८ जीबी, वाटा आठ आणि वीज १३२ वॅट. आमचा मॉनिटर साधा, १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा. म्हणजे तो सेकंदाला ७५ चित्रंच दाखवू शकतो. कार्डानं दीडशे काढली तरी पडद्यावर ७५च. म्हणून ६६०० धरलं. घ्यायच्या आधी टेप लावून कॅबिनेटमधली जागाही मोजली, कारण नवी कार्डं लांबीला जास्त असतात.

जुनं कार्ड घ्यावं का, हाही विषय निघाला. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमनं आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं त्याचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट असतात असं नाही. पण म्हैस घेताना आपण दोन वेळा धार काढून बघतो, तसं कार्ड अर्धा तास गेमवर ताणून बघितल्याशिवाय घेऊ नये. आम्हाला वॉरंटी पाहिजे होती, म्हणून नवंच घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पडद्यावर दिसत नाही ते. एसएमपीएस. घरातल्या २३० व्होल्टची १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून सगळ्या भागांना पुरवणारा हा डबा. जुनं कार्ड बोर्डातूनच मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवायचं. नव्याला वेगळी आठ पिनची वायर लागते, ती जुन्या डब्याला नव्हतीच. डब्यावर ४५० वॅट छापलेलं. पण स्टिकरवर १२ व्होल्टपुढं जो अँपिअरचा आकडा असतो, तो बघायचा आणि १२नं गुणायचा. आमच्याकडं १६ अँपिअर होते, म्हणजे १९२ वॅट. कार्ड १३२, प्रोसेसर ६५, बाकीचं पन्नास-साठ धरलं तर गरज अडीचशेच्या वर. पोरगं म्हणालं, "आण्णा, कन्व्हर्टर लावून चालवू, ते पैसे कार्डात घालू." मी म्हटलं, "पाच एचपीची मोटर घेणार आणि केबल घरच्या दिव्याची वापरणार का?" तो गप्प बसला. ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ डबा घेतला. त्यातही १०० ते २४० व्होल्टवर चालणारा निवडला, कारण गावठाण फिडरवर संध्याकाळी व्होल्टेज किती खाली येतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. मॉनिटर धरून लोड ३०० च्या घरात, म्हणून १००० व्हीएचा घेतला. लाइट गेल्यावर खेळायला नाही, नीट बंद करायला.

तिसरं, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलवून कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला. सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात पहिलं केलेलं.

उरलेल्या पैशात ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. तिनं गेमचा वेग फारसा वाढत नाही, पण मशीन आणि गेम चटकन उघडतात. हार्ड डिस्क साठवणुकीला ठेवली. सगळा हिशोब ३७ हजारांत बसला. फोर्झा आता ७५च्या खाली क्वचित येतो.

पुढची आखूड फळी प्रोसेसर असणार. पण २०१७च्या पहिल्या रायझनला असलेलं एएम४ सॉकेटच २०२२च्या रायझन ५ ५६०० ला चालतं, त्यामुळं बोर्ड आणि रॅम तीच राहील. नवं एएम५ घेतलं असतं तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही नवी लागली असती. फक्त जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच बोर्डाचं बायोस अपडेट करायचं. त्या दोन-चार मिनिटांत लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून ते यूपीएसवरच करायचं. मोटर नाही जळाली तर पुढच्या हळदीला बघू.

गेल्या आठवड्यात ठिबकच्या टोकाला पाणी कमी पडत होतं. वस्तीवरची माणसं म्हणाली, मोठी मोटर बसवा. पोरगं काही बोललं नाही. फिल्टरच्या अलीकडं आणि पलीकडं दाब मोजला, शेवटच्या लॅटरलखाली मग ठेवून मोबाईलवर मिनिट लावलं. फिल्टर चोंदला होता. धुतला, पाणी टोकाला पोचलं. रात्री नऊला तो त्याच्या पारावर हजर होता.

कुणाच्या घरी असं काम निघालं असेल तर दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी करा. घरचं अर्थिंग तपासा आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढून १२ व्होल्टचा गुणाकार करा. बाकीचं पोरांना मोजायला लावा.