सत्तेची हद्द

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सत्ताविभागणीचें प्रकरण फार सुटसुटीत असतें. कायदे करणारें एक अंग, ते अंमलांत आणणारें दुसरें आणि त्यांच्या आधारें न्याय देणारें तिसरें. १७४८ मध्यें मॉंतेस्क्य या फ्रेंच पंडितानें हें तत्त्व मांडलें, एवढें सांगितलें कीं वर्गाचें समाधान होतें. पण सरकार व न्यायालय यांच्या कलहाची वार्ता वाचली म्हणजे तेच विद्यार्थी आम्हांस विचारतात, “लोकांनीं निवडून दिलेल्या सरकारास न निवडलेल्या न्यायाधीशांनीं कां अडवावें?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर पॅरिसपेक्षां आगरदांड्याच्या आसपास अधिक चांगलें सांपडतें, असें आमचें मत आहे.

आगरदांडा हें मुरूड तालुक्यांतील राजपुरीच्या खाडीवरचें बंदर. पलीकडे दिघी, जवळच राजपुरी, आणि राजपुरीसमोर समुद्रांत जंजिऱ्याचा किल्ला. १९४८ सालीं विलीनीकरण होईपर्यंत हा मुलूख सिद्दी नबाबांच्या संस्थानाचा होता. संस्थानांत कायदे व न्यायाधीश नव्हते असें मुळींच नाहीं. परंतु फिर्याद खुद्द दरबाराविरुद्ध असली तर ती न्यावयाची कोठें? वर इंग्रज सरकारचा दाब असे, पण तो प्रजेच्या हातांतला नव्हे. सर्व वाटा अखेर एकाच गादीपाशीं येऊन मिळत. धनी भला निघाला तर प्रजेचें भाग्य. आणि न निघाला, तरी तेंहि भाग्यच!

उत्तरेस अलिबागेकडे इंग्रजी अंमलांत तरी निराळें काय होतें? सारा वसूल करणारा मामलेदार हाच मॅजिस्ट्रेट. ज्याच्या हुकुमाविरुद्ध कुरकुर करावी, त्याच्याच पुढें आरोपी म्हणून उभें राहण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर येई. म्हणूनच घटनेच्या ५० व्या कलमानें न्याय व अंमलबजावणी हीं खातीं वेगळीं करावीं असें राज्यास सांगितलें; मुंबई राज्यानें १९५१ सालीं तसा कायदा केला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें ती व्यवस्था देशभर नेली. शांतता राखण्यापुरते कांहीं अधिकार तहसीलदाराकडे अद्याप आहेत. पण सारा मागणारा आणि गुन्ह्याची शिक्षा सांगणारा हे आतां दोन झाले. गरिबास तत्त्व कळो न कळो, हा फरक त्यास कळतो.

दुसरें उदाहरण याच मुलखांतील आहे. पूर्वी संस्थानांत असलेल्या म्हसळ्याच्या तालुक्यांतील आंबेत हें बॅरिस्टर अंतुले यांचें गांव. १९८० सालीं ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्यास रायगड हें नांव त्यांच्याच कारकीर्दींत मिळालें. त्या वेळीं सिमेंटवर नियंत्रण होतें. मुख्यमंत्र्यांशीं निगडित न्यासास देणग्या देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांस सिमेंट मिळालें, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढें आली. जानेवारी १९८२ मध्यें न्यायमूर्ति लेंटिन यांनीं देणगी व सिमेंट यांचा संबंध होता असा निर्णय दिला, आणि मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला. विधानसभेंतील बहुमत त्या निर्णयाच्या आड आलें नाहीं.

एवढी हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. पुढें फौजदारी खटला उभा राहिला, आणि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो खास न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोंपविला. हेतु चांगलाच होता. खटला लौकर संपावा. परंतु १९५२ च्या कायद्याप्रमाणें असले खटले खास न्यायाधीशांनींच चालवावयाचे होते, आणि या बदलानें आरोपीचा उच्च न्यायालयांत अपील करण्याचा हक्क बुडत होता. अंतुले यांनीं हरकत घेतली. १९८८ सालीं सात न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें आपल्याच न्यायालयाचा तो हुकूम रद्द केला. न्यायालयांस नवी अधिकारकक्षा देणें हें संसदेचें काम. न्यायालयानें ती आपल्या हुकुमानें निर्माण करावयाची नाहीं, असें त्या निकालाचें सार आहे.

आमच्या मतें सत्ताविभागणीचा खरा धडा या दोन निकालांत मिळून आहे. पहिल्यांत न्यायालयानें सरकारला त्याची हद्द दाखविली, दुसऱ्यांत स्वतःला. पहिला ज्यांना आवडतो त्यांना दुसरा बहुधा रुचत नाहीं. आणि न्यायालयावर रागावलेले लोक पहिला तेवढा लक्षांत ठेवतात. पण दोहोंपैकीं एकच स्वीकारणें म्हणजे नबाबाची गादी हलवून दुसऱ्या दिवाणखान्यांत मांडणें होय. १९८९ सालीं याच जिल्ह्यानें अंतुले यांस लोकसभेवर निवडून दिलें. तो मतदारांचा अधिकार. त्यांत न्यायालय आलें नाहीं, हेंहि त्याच व्यवस्थेस धरून झालें.

तेव्हां निवडून आलेल्यांस कां अडवावें, या प्रश्नाचें उत्तर एवढेंच, कीं निवडणूक राज्य करण्याचा अधिकार देते, आपल्याच कृत्याचा न्याय करण्याचा देत नाहीं. आणि न्यायासनहि न्याय करण्याचा अधिकार देतें, कायदा घडविण्याचा देत नाहीं. उद्यां आपणांपैकीं कोणावरहि सरकारविरुद्ध उभें राहण्याची वेळ आली, तर आपल्या पाठीशीं बहुमत नसेल. असेल ती ही हद्दच.