वेळ जातो तो तारेच्या टोकांशी

पुण्याजवळच्या चिखली-तळवड्याच्या शेडमध्ये प्रेसवर निघणारे पत्र्याचे भाग ज्या गाड्यांना लागतात, त्या गाड्या रस्त्यावर येण्याआधी संगणकावर कितीतरी वेळा धडकवलेल्या असतात. असा अपघात जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा, पण गणितात तो साधारण एकेका मायक्रोसेकंदाच्या पावलांनी पुढे सरकतो. म्हणजे लाखभर पावलं. गाडीचे तुकडे शेकडो प्रोसेसरांनी वाटून घेतलेले असतात आणि शेजारच्या तुकड्याची कड किती वाकली हे कळल्याशिवाय कुणालाच पुढचं पाऊल टाकता येत नाही. प्रोसेसर वाढवले की हिशेबाचा वेळ घटतो, एकमेकांची वाट पाहण्याचा घटत नाही.

असे प्रोसेसर जोडून बनणाऱ्या क्लस्टरांचं नेटवर्क लावणं हे माझं काम. ‘शंभर गिगाबिटचं नेटवर्क कार्ड टाकूया’ ही मागणी मी सतत ऐकतो. पण एक किलोबाइटचा निरोप त्या तारेवर चढायला मायक्रोसेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. वेळ खर्च होतो तो टोकांना. प्रोग्रामच्या मेमरीतून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे नक्कल, तिथून कार्डाकडे, पलीकडे इंटरप्ट आणि पुन्हा नक्कल. नेहमीच्या टीसीपीवर यात दहा-वीस मायक्रोसेकंद सहज जातात. आरडीएमए पद्धतीत कार्ड कर्नलला मध्ये न घेता थेट समोरच्या मेमरीत लिहितं, आणि तेच काम एक-दोन मायक्रोसेकंदांत होतं.

जोडणीचं हे महत्त्व पुण्याला फार पूर्वी कळलं होतं. 1988मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या इथल्या संस्थेने 1991मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याच्या प्रत्येक ट्रान्सप्युटर चिपवरच शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. पुढे तयार सर्व्हर जोडून महासंगणक बांधायची वेळ आली, तशी सी-डॅकने स्वतःची परमनेट ही जोडणी घडवली: परम पद्ममध्ये अडीच गिगाबिटची, 2008च्या परम युवामध्ये दहा गिगाबिटची. महासंगणकांच्या जून 2003च्या जागतिक यादीत परम पद्म 171वा आला. नोव्हेंबर 2007मध्ये पुण्यातलाच टाटांचा ‘एका’ थेट चौथा, आरडीएमए करणाऱ्या इन्फिनिबँडच्या जाळ्यावर. कौतुक क्रमांकांचं झालं. स्विच घडवणाऱ्यांची आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची नावं मात्र आपल्याकडे कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कार्ड बदलण्याआधी मी दोन सर्व्हरमध्ये आठ बाइटचा निरोप पाठवून परत मागवतो आणि वेळ मोजतो. उशीर होत असेल, तर कार्ड सर्व्हरच्या एका प्रोसेसरला जोडलेलं आणि काम दुसऱ्यावर चाललेलं, असं पुष्कळदा आढळतं. काम योग्य प्रोसेसरला बांधलं की नवी खरेदी न करताच फरक पडतो. बारीकसारीक निरोप एकत्र करून पाठवले तर आणखी.

आणि निरोप वेळेत पोचूनही काम रेंगाळत असेल, तर दोष नेटवर्कचा नाहीच. समोरासमोरच्या धडकेत बॉनेटकडचा पत्रा चुरगळतो आणि त्याचा हिशेब जड होतो, त्यामुळे तो तुकडा ज्याच्याकडे असेल त्याच्यासाठी बाकी सगळे खोळंबतात. तिथे गाडी आडवी न कापता लांबीच्या दिशेने पट्टे पाडायचे, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला थोडंथोडं बॉनेट येतं.