गारठलेल्या हातासाठी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात बर्फाची ओळख होते ती रसवंतीवर. पोत्यात गुंडाळलेली लादी, ती फोडणारी लोखंडी सळई आणि उसाच्या रसात विरघळून जाणारे चार खडे, एवढेच आमचे हिमदर्शन. अशा गावात वाढलेला आमचा मुलगा गेल्या जानेवारीत जेवताना म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात मी गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जातोय." माझ्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहिले नाही. मग त्याने समजावून सांगितले. एक रुंद फळी, तिच्यावर दोन्ही पावले आडवी जखडायची आणि हिमाच्या उतारावरून घसरत यायचे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या आणि तिथून या खेळाने आकार घेतला. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. २०२० मध्ये गुलमर्गला पहिले खेलो इंडिया हिवाळी खेळ झाले, त्यांतही तो होता. मुलींसाठी बापाने केलेले खेळणे, हे ऐकून मी थोडी निवळले.

दोनच दिवसांनी त्याने एक मल्टिटूल माझ्यासमोर ठेवले. पक्कड, चाकू, करवत, कानस, बाटली उघडणी, अशी सोळा कामे करणारी ती चकचकीत वस्तू. "खिशात एवढे असले की काळजी नाही," तो म्हणाला. मी ती हातात घेतली आणि मला अंतूर आठवले.

कन्नड तालुक्यातील अंतूर किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बारा वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही तिघे तिथे गेलो होतो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि तळहात धारेच्या दगडावर चिरला. त्याला धरायला धावलेले त्याचे वडीलही घसरून दाणकन खाली बसले, ते नेमके मागच्या खिशातील अशाच एका मल्टिटूलवर. त्यांच्याकडून ते घेऊन ओढणीची पट्टी कापावी म्हणून मी पाते उघडू लागले. पात्याच्या खाचेत नख घालून ओढायचे असते. माझे हात पावसाने ओले होते, भीतीने थरथरत होते. नख मुळापासून मोडले, पाते काही उघडले नाही. शेवटी ओढणीचाच बोळा करून मी मुलाच्या तळहातावर घट्ट दाबून धरला. वाहत्या जखमेवर पहिला उपाय खरे तर तोच. पण बोळा जागेवर बांधून ठेवण्यासाठी पट्टी हवी होती, ती मी दातांनी फाडली. कन्नडला डॉक्टरांनी पाच टाके घातले. वडिलांच्या कमरेखालचा काळानिळा डाग तीन आठवडे टिकला.

घरी आल्यावर ते हत्यार मी कोरड्या, शांत हातांनी उघडून पाहिले. सहज उघडले. दोष त्याचा नव्हताच. दुकानात आपण वस्तू घेतो ती दुकानातल्या हाताने पारखून. तो हात उबदार असतो, कोरडा असतो, निवांत असतो. वस्तू लागते ती मात्र वेगळ्याच हाताला.

हे मी मुलाला सांगितले. तो हसला नाही. त्याच्या तळहातावर ती पांढरी रेघ अजून आहे. "मग बघूया तरी," तो म्हणाला आणि आम्ही स्वयंपाकघरातच एक प्रयोग केला. पातेल्यात पाणी आणि बर्फ घेतला. त्याने हात मिनिटभर त्यात बुडवला, पुसला, हातमोजा चढवला आणि मल्टिटूल उघडायला घेतले. मोज्यातून नख खाचेत जाईना. मोजा काढला तर बोटे बधिर. तिसऱ्या खेपेस ते हातातून निसटून फरशीवर आपटले. इथे फरशी होती म्हणून सापडले, भुसभुशीत हिमात ते कुठे शोधणार?

गारठ्यात शरीर पोटातील व छातीतील अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटांना रक्त कमी पोहोचते, मज्जातंतूंचे संदेश मंदावतात, सांधे आखडतात. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बारीक कामाची क्षमता झपाट्याने घटते. मूठ मात्र त्या मानाने बराच वेळ आवळता येते, कारण ती आवळणारे बळकट स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. म्हणून चिमटीने चालणारे साधन आधी निकामी ठरते, मुठीने चालणारे नंतर.

हे शास्त्र मी नंतर समजून घेतले. त्या संध्याकाळी ते एका वाक्यात सांगितले सासूबाईंनी. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली आहेत. सुपारी सोडून त्यांना दहा वर्षे झाली, पण अडकित्ता सुटला नाही. आता त्या त्याने खारका कापतात. आमचा खटाटोप पाहून त्या म्हणाल्या, "अरे बाळा, नखानं उघडायचं हत्यार म्हाताऱ्याच्या अन् गारठलेल्याच्या काय कामाचं? हा अडकित्ता बघ. मूठ आवळली की काम झालं."

त्या अडकित्त्याच्या कसोटीवर मग आम्ही खिसा नव्याने लावला. आणखी एक कसोटी जोडली. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय जखडलेले असतात. तोल गेला की नवशिका हात टेकतो आणि सर्वाधिक इजा होते ती मनगटाला. तेव्हा प्रत्येक वस्तू एका हाताने, तीही डाव्या, वापरता आली पाहिजे.

पहिली निवड शिट्टी. आत गोळी नसलेली, कारण ओलाव्याने गोळी गोठून बसू शकते. तीही प्लास्टिकची, कारण गोठलेला धातू ओल्या ओठांना चिकटतो. ती खिशात नाही, जाकिटाच्या वरच्या बाजूला, मान वळवली की तोंडाशी येईल अशी बांधली. आल्प्स पर्वतातील रीतीप्रमाणे मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा शिट्टी द्यायची, मग मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा तेच. दुसरी निवड बोथट टोकाची, मोठ्या कड्यांची कात्री. पट्टी कापणे, अडकलेली दोरी तोडणे ही कामे ती मूठ आवळून करते आणि तिच्यावर पडलो तरी ती पोटात शिरत नाही. तिसरी निवड आखूड, जाड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. पाऊल फळीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला बाइंडिंग म्हणतात. त्याचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात. त्यांना फुलीच्या टोकाचा, ३ क्रमांकाचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. लहान टोकाचा वापरला तर स्क्रूचा माथाच झिजतो. त्याच्या मुठीभोवती आम्ही चिकटपट्टीचे काही वेढे दिले. तुटलेला पट्टा तात्पुरता बांधायला ती पुरते. कात्रीला आणि स्क्रू-ड्रायव्हरला रंगीत दोरी बांधली. तिचे दुसरे टोक खिशाच्या कडीला.

आता जागेविषयी. मागचे दोन्ही खिसे रिकामे, हा आमच्या घरचा नियम झाला आहे. छातीवर, कमरेच्या कडेला, माकडहाडाजवळ कठीण वस्तू ठेवू नये, कारण पडणे ठरलेलेच असते. मांडीच्या पुढच्या बाजूचा झाकणाचा खिसा त्यातल्या त्यात बरा. मोबाइल मात्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. थंडीत त्याची बॅटरी भरलेली असूनही अचानक मान टाकते.

हे सारे मिळून माझ्या तळहाताएवढे होते. सोळा कामांचे मल्टिटूल त्याने मुक्कामी ठेवायच्या बॅगेत टाकले. आणि हेही सांगते की खिशातील साधन दुरुस्तीचे असते, रक्षणाचे नसते. डोक्याला शिरस्त्राण, मनगटांना आधारपट्टे, सोबत जाणकार प्रशिक्षक आणि आखलेला उतार, हे आधी. हिमस्खलनाचा धोका असलेल्या मोकळ्या डोंगरावर तर संदेशयंत्र, शोधकाठी, फावडे आणि ती वापरता येणारा सोबती यांना कुठल्याही खिशाचा पर्याय नाही. तिथे त्याने जायचेच नाही, असे आमचे ठरले. विमानप्रवासात कात्री, चाकू, स्क्रू-ड्रायव्हर मोठ्या सामानात टाकावेत आणि पॉवर बँक हातातील बॅगेत ठेवावी, नाहीतर तपासणीत खोळंबा होतो.

आपल्या घरचे कोणी हिमावर जाणार नसेल कदाचित. पण देवगिरीच्या अंधारीत मुलांना नेताना हाती असणारी विजेरी, म्हैसमाळच्या पावसात पाठीवर असणारी प्रथमोपचार पेटी, आजोबांच्या उशाशी असणारी औषधाची बाटली, यांनाही तीच कसोटी लावून पाहा. बटण ओल्या बोटाने दाबले जाते का? पेटी एका हाताने उघडते का? बाटलीचे झाकण रात्री दोन वाजता, चष्म्याशिवाय, आजोबांना फिरवता येते का? लहान मुलांच्या घरी ती बाटली त्यांच्या हाताबाहेर हवी, हेही विसरू नका. बर्फाच्या पाण्याचा प्रयोग मिनिटापेक्षा जास्त लांबवू नका. मधुमेहाने हातांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि थंडीत ज्यांची बोटे पांढरी पडतात त्यांनी तो करूच नये. ओला हात आणि हातमोजा एवढ्यानेही पुष्कळ कळते.

मुलगा फेब्रुवारीअखेर परतला. मी विचारले, "काय काय लागलं रे?" तो म्हणाला, "स्क्रू-ड्रायव्हर रोज लागला, माझ्यापेक्षा बरोबरच्या मुलांनाच जास्त. कात्री एकदा, शिट्टी एकदाही नाही. आणि पडलो किती वेळा ते विचारू नकोस." मी विचारले नाही. संध्याकाळी त्याची पँट धुवायला टाकताना सवयीने मागच्या खिशांत हात घातला. दोन्ही रिकामे होते.